तटाआतले नगर आणि तटाबाहेरची माणसे

आपल्या समाजातील मुलेमुली आता उच्च शिक्षणासाठी युरोपात जाऊ लागली आहेत. शनिवार-रविवारची सुट्टी आली की ती आगगाडीने जवळच्या एखाद्या पुरातन नगरास जातात, तेथील तट, मनोरे, मठ, फरसबंद चौक पाहतात आणि छायाचित्रे घरी धाडतात. लिस्बन, पोर्तो, कोइंब्रा ही नावे त्यामुळे हाटकेशच्या गृहसंकुलांतही परिचयाची झाली आहेत. यात वावगे काही नाही. मात्र ती छायाचित्रे कौतुकाने पाहणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी खाडीपलीकडचे, त्याच लोकांनी त्याच धाटणीने वसवलेले एक सबंध नगर दोन दिवस सवड काढून पाहिले आहे? वसईचा किल्ला आपण पाहतो तो सहलीच्या डब्यासह, तीन तासांत. किल्ला म्हटला की आपल्याला तोफा आणि बुरूज आठवतात. वस्तुतः ते एक शहर होते. त्यात रस्ते होते, नगरसभा होती, इस्पितळ होते, तुरुंग होता, महाविद्यालय होते. पोर्तुगीज त्याला ‘बासाईं’ म्हणत. मराठी कागदपत्रांत या साऱ्या मुलखाचे नाव उत्तर फिरंगाण असे येते.

आमच्या शेजारी राहणारा, स्थापत्यशास्त्र शिकणारा एक तरुण गेल्या हिवाळ्यात हे नगर पाहण्यास निघाला. त्याच्या पिशवीत मोजपट्टी, शिसपेन्सिली आणि जाड कागदांची वही होती. त्याच्यासोबत मीही गेलो. वयाच्या मानाने दोन दिवसांची पायपीट मला जडच होती. पण विद्यार्थ्याबरोबर हिंडण्यात एक लाभ असतो. आपण जे गृहीत धरून चालतो, त्याबद्दल तो प्रश्न विचारतो.

वसईला जायचे तर मिरा रोडला गाडीत बसावे आणि भाईंदर, नायगाव मागे टाकून वसई रोडला उतरावे, ही आपली नित्याची वाट. आम्ही मात्र भाईंदरहून वसईस जाणारी, २०२४ साली सुरू झालेली रो-रो बोट पकडली. त्यामागे हेतू होता. हे नगर समुद्राकडे तोंड करून उभे आहे. त्याच्याकडे जमिनीवरून जाणे म्हणजे एखाद्याच्या घरी परसदाराने शिरण्यासारखे आहे. बोट पलीकडे पोहोचू लागली की झाडीच्या वर प्रथम दिसतो तो संत जोसेफ चर्चचा मनोरा. साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्याहून आलेल्या गलबतावरील माणसालाही नगराची पहिली ओळख अशा मनोऱ्यांवरूनच पटत असणार.

नगराचा जन्म एका राजाच्या अडचणीतून झाला. हुमायूनच्या फौजेचे भय डोक्यावर असताना गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ रोजी पोर्तुगीज गव्हर्नर नूनो द कुन्हा याच्याशी तह केला आणि वसई, तिच्या ताब्यातील मुलूख, बेटे व समुद्र पोर्तुगीजांच्या हवाली केले. मुंबई आणि साष्टी त्यातच आली. आज जेथे हाटकेशचे औद्योगिक गाळे आणि उंच इमारती आहेत, तो काशी-मिऱ्याचा परिसर साष्टीचे उत्तर टोक; म्हणजे आपल्या पायाखालची जमीनसुद्धा त्या एका कागदाने धनी बदलून बसली. १५३६ साली वसईत गढी उभी राहिली आणि नूनोचा मेहुणा गार्सिया दे सा तिचा पहिला कप्तान झाला. पुढे गढीभोवती नगर वाढले, नगराभोवती दहा बाजूंचा आणि अकरा बुरुजांचा तट उभारला गेला. दमण ते चौल या पट्ट्याचा कारभार येथून चाले. म्हणून वसईला ‘उत्तरेचा दरबार’ असे नाव पडले.

दर्या दरवाजातून आत शिरताना वाट सरळ जात नाही, ती वळते. शत्रूला धावत आत घुसता येऊ नये, अशी ही योजना. माझ्या तरुण मित्राने तेथेच पहिली अर्धी सकाळ घालवली. नंतर आम्ही संत जोसेफच्या चर्चकडे गेलो. वसईचे हे प्रमुख चर्च १५४६ च्या सुमारास पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याच्या आज्ञेने बांधले गेले. दरवाजावर एक कोरीव लेख आहे. गोव्याचे आर्चबिशप दों फ्रेय अलेशु दे मेनेझिस आणि येथील विकार पेद्रु गाल्व्हांव परेरा यांच्या कारकिर्दीत, १६०१ साली, या चर्चची पुनर्बांधणी झाली, असे तो सांगतो. केरळातील उदयंपेरूरची १५९९ ची धर्मसभा भरवणारे ते हेच मेनेझिस. आपल्याकडे जुन्या वास्तूंच्या तारखा बहुधा ऐकीव असतात. येथे मात्र दगडच साक्षीला उभा आहे. तरी सहलीला आलेली मुले त्याखाली उभी राहून स्वतःची नावे कोळशाने लिहितात, हे पाहून मन विषण्ण होते.

दुपार गेली ती मठांत. फ्रान्सिस्कनांच्या संत अंतोनियोच्या चर्चमध्ये जमिनीवर थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवर घराण्यांची मानचिन्हे आणि पोर्तुगीज अक्षरे. डॉमिनिकनांचा घंटामनोरा अजून उभा आहे, ऑगस्टीनियनांचा मठ झाडांच्या मुळ्यांनी वेढला आहे. पण विद्यार्थ्याने सर्वाधिक रेंगाळावे अशी जागा येशूसंघीयांची. त्यांच्या ‘पवित्र नाम’ चर्चच्या दर्शनी भागावरील स्तंभ पाहिले की हे काम करणारा कारागीर किती सराईत होता ते कळते. शेजारी त्यांचे महाविद्यालय होते. १६७५ साली येथे आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने या महाविद्यालयातील ग्रंथालयाची आवर्जून नोंद केली आहे. त्यात इतिहासकार, नीतिशास्त्रकार आणि पवित्र ग्रंथाचे भाष्यकार यांची पुस्तके होती.

याच येशूसंघीयांच्या शाळेत पोर्तुगीज पिता आणि वसईची स्थानिक आई यांचा एक मुलगा शिकला. तो संत गोन्सालो गार्सिया. आपण त्यांना वेदीवर पाहतो, त्यामुळे ते एकेकाळी येथल्या ओसरीवर बसणारे विद्यार्थी होते, हे विसरतो. १५५६-५७ च्या सुमारास जन्मलेला हा मुलगा किशोरवयातच गुरूंबरोबर जपानला गेला आणि तेथील भाषा इतकी शिकला की पुढे दुभाषा म्हणून त्याची ख्याती झाली. येशूसंघात घेतले जावे ही त्याची आस पुरी झाली नाही. काही काळ त्याने व्यापार केला. मग मनिलास फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून त्याचा स्वीकार झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीसजणांना क्रुसावर चढवून मारण्यात आले, त्यांत ते होते. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. युरोपला न जाता युरोपीय विद्या शिकलेला आणि ती घेऊन पूर्वेकडे गेलेला असा हा वसईचा विद्यार्थी-प्रवासी.

त्या भग्न ओवरीत माझ्या सोबत्याने विचारले, “सर, या शहरात राहत कोण होते?”

प्रश्न साधा, पण उत्तराने हे नगर निराळे दिसू लागते. अंतोनियो बोकारो याने १६३५ च्या सुमारास पोर्तुगीज अमलाखालील किल्ल्यांचे वर्णन केले. त्या काळातील आकडे असे सांगतात की वसईत ४०० पोर्तुगीज कुटुंबे, २०० स्थानिक ख्रिस्ती कुटुंबे आणि १,८०० गुलाम होते. पुन्हा वाचावेत असे हे आकडे आहेत. ज्या नगराचे वैभव आपण छायाचित्रांत टिपतो, तेथे घरटी सरासरी तीन गुलाम पडतात. फ्रायरने दुमजली प्रासाद, झाकलेले सज्जे, कालवाच्या शिंपल्यांची तावदाने लावलेल्या मोठ्या खिडक्या वर्णिल्या आहेत. त्याच ओघात तो सांगतो की रात्री तटाच्या आत केवळ ख्रिस्ती लोकांनाच राहता येई, वाणी-उदमी सांजेच्या नौबतीबरोबर बाहेर पडत. नगर दिवसा साऱ्यांचे होते, रात्री नव्हते.

आणि ख्रिस्ती शेतकरी? तोही बाहेरच होता. साष्टी आणि वसईची गावे पोर्तुगीज सरदारांना ठरावीक ‘फोर’ भरण्याच्या अटीवर, बहुधा तीन हयातींच्या बोलीने, दिली जात. त्यांनी संरक्षणासाठी घोडा व शस्त्र बाळगावे अशी अट असे. जमीन कसणारा कुणबी, वाडवळ, सामवेदी जेथे होता तेथेच राहिला; त्याने पिकवलेले भात तटाच्या आत गेले. धर्म एक झाला म्हणून दरवाजा उघडला, असे घडले नाही. आपले पूर्वज फिरंग्यांच्या वैभवाचे वाटेकरी होते, हा जो समज बाहेर आहे आणि कधीकधी आपल्यातही अभिमानाने बाळगला जातो, त्याला या नगराच्या हिशेबात फारसा आधार मिळत नाही.

त्या काळाची दुसरी बाजूही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. देवळे पाडली गेली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्याचे फ्रान्सिस्कनांनी चर्च केले. आपल्या श्रद्धेचा आरंभ ज्या शतकात झाला त्याच शतकात शेजाऱ्याच्या श्रद्धेला जखम झाली. दोन्ही गोष्टी एकाच मुलखात, एकाच माणसांच्या डोळ्यांदेखत घडल्या. इतिहास लिहिणाऱ्याने यांतील एक ठेवून दुसरी गाळू नये.

तरुणाने भिंतींची मोजमापे घेतली. दगडाचे सांधे पाहताना तो हरखून गेला. वसईचा दगड त्या काळी इतका नावाजलेला होता की जुन्या गोव्यातील बॉम जेझूच्या दर्शनी भागासाठी तो समुद्रमार्गे नेण्यात आला. तो घडवणारे हात येथलेच. नकाशा पोर्तुगालचा असेल, छिन्नी कोकणातली होती. याचा एक पुरावा मला भाषेत दिसतो. हाटकेशला इमारतीचे काम चालू असते तेथे जरा कान देऊन उभे राहावे. ‘मिस्त्री’ हा पोर्तुगीज ‘मेस्त्र’ आहे, ‘घमेले’ हे ‘गामेला’ आहे. दाराची ‘बिजागरी’, कुलपाची ‘चावी’, महिन्याचा ‘पगार’, इतकेच काय तर ‘तुरुंग’ आणि ‘लिलाव’ हे शब्दही त्याच बंदरातून मराठीत उतरले. फिदाल्गोंच्या दिवाणखान्यातील भाषा त्यांच्याबरोबर गेली. मजुराच्या तोंडी बसलेले शब्द राहिले आणि पुढे ख्रिस्ती-हिंदू असा भेद न करता साऱ्या महाराष्ट्राचे झाले.

नगराचा ऱ्हास १७३९ च्या बराच आधी सुरू झाला होता. १६९५ साली नेपल्सचा वकील-प्रवासी जेमेल्ली कारेरी येथे आला, तेव्हा साथीच्या रोगाने उत्तरेकडील भाग ओसाड पडला होता. तटाबाहेर कोसच्या कोस पसरलेल्या बागा मात्र त्याला फार आवडल्या. गंमत अशी की तुम्ही येथेच लग्न करून राहा, वकिली करा, असा आग्रह वसईकरांनी त्याला केला. तो पाहुणा शहाणा निघाला आणि पुढच्या प्रवासाला लागला.

१७३७ साली मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली, घोडबंदरही गेले. उरली वसई. उत्तनजवळ चौक येथे जंजिरे धारावीचे अवशेष आहेत. मिरा-भाईंदरच्या वाचकाने तेथे उभे राहून खाडीच्या मुखाकडे पाहावे, म्हणजे मार्च १७३९ मध्ये ते ठाणे मराठ्यांच्या हाती पडल्याने वसईचा समुद्राकडचा श्वास कसा कोंडला ते नकाशावाचून समजते. चिमाजी आप्पांनी तटाखाली सुरुंग लावले, बुरूज उडवले. ग्रँट डफने मराठ्यांची हानी त्यांच्याच सांगण्यावरून ५,००० हून अधिक आणि पोर्तुगीजांची ८०० दिली आहे. विजय स्वस्तात मिळाला नव्हता. १६ मे १७३९ रोजी शरणागतीचा करार झाला. शिबंदीने शस्त्रांसह, निशाणे फडकवीत, वाद्ये वाजवीत बाहेर पडावे आणि रहिवाशांनी चीजवस्तू घेऊन जावे, असा तो करार होता. जिंकणाऱ्याने हरलेल्याचा मान राखला, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या अभिमानी लोकांनी ध्यानी ठेवण्यासारखी आहे. २३ मे रोजी पोर्तुगीज वसई सोडून गेले. त्याआधी पैशाची इतकी ओढ लागली होती की मुंबईच्या इंग्रजांकडून १५,००० रुपये कर्जाऊ घेताना त्यांना चर्चमधील चांदीची पात्रे आणि पितळी तोफा तारण ठेवाव्या लागल्या. ज्या पात्रांत पवित्र विधी झाले, ती दारूगोळ्यासाठी सावकाराच्या पेटीत गेली.

घंटा देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हे साल आहे, वाईजवळ मेणवलीस नाना फडणवीसांच्या वाड्यालगतच्या घंटेवर १७०७; भीमाशंकरासही एक आहे. तेथील भाविक त्या वाजवतात, त्यांचा आवाज अजून खणखणीत आहे. वसईला मराठ्यांनी बाजीपूर हे नाव दिले, पण नगर पुन्हा भरले नाही. १७८० मध्ये इंग्रजांनी ते घेतले, सालबाईच्या तहाने परत दिले, १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने येथेच तो सुप्रसिद्ध तह केला. एकोणिसाव्या शतकात आत ऊस लावून साखरेचा कारखाना काढण्याचाही प्रयोग झाला. १८७६ साली मुंबईचे गोमंतकीय वैद्य डॉ. गर्सन द कुन्हा यांनी चौल-वसईच्या पुरातन अवशेषांवर ग्रंथ लिहिला तेव्हा ते रानात हिंडून शिलालेख उतरवून घेत होते. आज पुरातत्त्व खात्याकडे ही वास्तू आहे. माझ्या सोबत्याने उतरवलेल्या काही अक्षरांशी द कुन्हांचे वाचन ताडून पाहता आले.

दुसरा दिवस आम्ही तटाबाहेर काढला. सकाळी पापडीस मिस्सा ऐकली आणि मग सांडोर, रमेदी अशी वाट धरली. विद्यार्थ्याला प्रथम हा दिवस वाया जाणार असे वाटले. येथे मोजण्यासारखे स्तंभ कोठे आहेत? केळीच्या बागा, विहिरी, सामवेदी घरांच्या ओट्या, गल्लीच्या तोंडाशी फुले वाहिलेला क्रूस. किल्ल्याच्या एका बुरुजाचे नाव ‘नोसा सेन्योरा दोस रेमेदियोस’ असे होते. बुरूज ढासळला, तटाबाहेरच्या चर्चमुळे तेच नाव ‘रमेदी’ होऊन गावकऱ्यांच्या जिभेवर राहिले आणि नवस बोलायला सर्व धर्मांची माणसे तेथे येऊ लागली.

१७३९ नंतर तटाबाहेरच्या या लोकांचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे. जहाजात बसून जाण्याजोगे त्यांच्याकडे काही नव्हते. जमीन सोबत नेता येत नाही. काही कुटुंबे पूर्वधर्मात परत गेली. बाकीची राहिली. राजसत्ता गेली, युरोपीय धर्मगुरू गेले, वैभवशाली मठ ओस पडले. मग श्रद्धा कोणाच्या बळावर टिकली?

याचे उत्तर एका विद्यार्थ्याने नोंदवून ठेवले आहे. आंकेतील द्यु पेरों हा फ्रेंच तरुण पारशांच्या अवेस्ता ग्रंथाचा अभ्यास करण्यासाठी १७५५ साली हिंदुस्थानात आला. सुरतेस राहून त्याने दस्तुरांकडून विद्या घेतली. १७६० साली तो साष्टीत उतरला आणि कान्हेरीची लेणी पाहून आला. वसई पडून एकवीस वर्षे झाली होती, मुलूख पेशव्यांचा होता. ठाण्यास त्याने पाहिले ते असे : ख्रिस्ती लोक हजारोंच्या संख्येने सणासाठी जमले होते, रस्ते येणाऱ्या-जाणाऱ्यांनी भरले होते, आणि उपासना चालवणारे धर्मगुरू सावळ्या वर्णाचे, याच देशातले होते. ख्रिस्ती राज्यात असावे इतक्या मोकळेपणाने हे चालले होते, याचे त्याला नवल वाटले. तो अवेस्ता शोधायला आला होता. आपल्याबद्दलची ही साक्ष त्याने जाता जाता लिहिली, म्हणूनच ती अधिक मोलाची. तीत मराठा अंमलदारांची सहिष्णुता आहे आणि ज्या देशी धर्मगुरूंची नावे कोणत्याही शिळेवर कोरली गेली नाहीत, त्यांचे कामही आहे.

हे मी चालता चालता सांगितले तेव्हा त्या मुलाने वहीचे नवे पान काढले आणि एका जुन्या घराचा ओटा, त्यापुढचे अंगण व क्रूस यांची आकृती मोजपट्टी लावून काढली. घरातील वृद्ध बाईंनी आम्हाला सुकेळी दिली आणि “कुठली माणसे तुम्ही?” म्हणून चौकशी केली. हाटकेश म्हटल्यावर त्यांना उलगडा होईना. काशी-मिरे म्हणताच ओळख पटली. तिकडे त्यांचे नातेवाईक होते.

२२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. पहिले बिशप थॉमस डाबरे यांचे आसन तटाआतल्या एखाद्या प्राचीन वास्तूत मांडले गेले नाही. कॅथेड्रलचा मान मिळाला तो पापडीच्या कृपामातेच्या चर्चला, म्हणजे आम्ही सकाळी जेथे मिस्सा ऐकली त्या गावच्या चर्चला.